चेकरचा अंत्यविधी, सात मिनिटांत

पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतल्या नऊ नंबरच्या खोलीत चेकर आणि मी कधीही भांडलो नाही. कोणालाही विचारा. आम्ही फक्त प्रार्थना करायचो.

सकाळी साडेपाचला घंटा व्हायची. चेकर त्याआधीच उठून, दाढी करून, खाटेच्या कडेला गुडघे टेकून बसलेला असायचा. खोलीतल्या दोघांनी सकाळची प्रार्थना मिळून, मोठ्याने करायची असा तिथला नियम होता. नियम करणाऱ्याच्या मनात चांगलंच असणार. चेकर डोळे मिटून म्हणायचा, “हे प्रभू, माझ्या खोलीतल्या बंधूला तू रंगकामाची कला दिलीस, त्याबद्दल तुझे आभार. आता त्याला ओला टॉवेल पिळून दोरीवर टाकण्याचीही बुद्धी दे. खुर्चीच्या पाठीला बुरशी धरते आहे, हे तू पाहतोच आहेस.”

मी म्हणायचो, “आमेन.” मग माझी पाळी. “हे दयाळू पित्या, जे लोक दुसऱ्याच्या टॉवेलवर डोळा ठेवतात त्यांच्या मनाला शांती दे. त्यांच्या नाकालाही दे, म्हणजे त्यांच्या घोरण्यात इतरांची झोप वाहून जाणार नाही.” तोही तितक्याच भक्तिभावाने “आमेन” म्हणायचा, आणि आम्ही दोघं सभ्य माणसांसारखे शेजारी शेजारी चालत चहाला जायचो.

सेमिनरीत येण्याआधी चेकर वीस वर्षं बसचा तिकीट तपासनीस होता. म्हणून तो चेकर. मी घरं रंगवायचो, म्हणून मी रंगारी. दोघंही चाळिशी ओलांडलेले, दोघांच्याही घरी बायका-मुलं, आणि दोघंही विशीतल्या पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ग्रीकची क्रियापदं घोकत होतो. एवढं साम्य असल्यावर माणसांचं जमायला हवं. पण चेकरच्या कपाटात मोज्यांवरसुद्धा वार लिहिलेले होते. सोमवारचे मोजे मंगळवारी घातले तर काय होतं, हे मी एकदा करून पाहिलं. काही होत नाही. फक्त बुधवारी सकाळी प्रार्थनेत सात मिनिटं चोरीवर निघतात.

आता माझी अडचण सांगतो. मी पाळक, म्हणजे पाद्री, होतो, पण दीक्षा न झालेला. गेली सहा वर्षं एका चर्चची छोटी मंडळी सांभाळत होतो, सेमिनरीत आल्यावर रविवारी जाऊन-येऊन: उपदेश करायचो, आजाऱ्यांना भेटायचो, गळकं छप्पर शाकारायचो, आणि भिंतींना रंग तर माझाच. पण प्रभुभोजन देणं आणि बाप्तिस्मा करणं मी केलेलं चालत नव्हतं. त्यासाठी तीन-तीन महिन्यांनी दुसरीकडून दीक्षित पाळक यायचे, तेही सवड झाली तर. मागच्या खेपेला तर त्यांना यायला इतका उशीर झाला, की बाप्तिस्म्याचं बाळ आईचा हात सोडून स्वतःच्या पायांनी पुढे चालत गेलं आणि पाळकसाहेबांना म्हणालं, “पाणी गार आहे का?” मंडळी हसली. मला हसू आलं नाही. माझी माणसं माझ्या दारात ताटकळत उभी होती आणि किल्ली माझ्याकडे नव्हती.

ती किल्ली मिळायला सेमिनरीचे सगळे विषय सुटायला हवे होते. माझा एकच राहिला होता: अंत्यविधी.

तो विषय मॅडम शिकवायच्या. मॅडम म्हणजे पासष्टीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या पाळकीणबाई. आयुष्य इस्पितळात मरणाऱ्यांच्या उशाशी बसण्यात गेलेलं. त्या पुस्तकातून शिकवत नसत. वर्गातल्या एकाला टेबलांवर आडवं करायचं, वर चादर घालायची, आणि दुसऱ्याने त्याचा अंत्यविधी करायचा. मॅडमचे नियम तीन. मृताच्या घरच्यांशी आधी बोलायचं. सात मिनिटांच्या वर जायचं नाही. आणि मेलेल्याबद्दल खोटं एक वाक्यही चालणार नाही. “घरच्यांना तो माणूस तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो,” मॅडम म्हणायच्या. “तुम्ही एक थाप मारलीत, की पुढचं देवाचं वचनही त्यांना थापच वाटतं.”

आदल्या वर्षी मी याच विषयात आपटलो होतो. मी आळस केला, घरच्यांना विचारलं नाही, आणि टेबलावरच्या पोराला डोळ्यांत पाणी आणून “आदर्श पती आणि प्रेमळ पिता” म्हटलं. तो बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा. वर्ग हसला ते ठीक. मयत उठून बसून हसलं. यंदा पुन्हा नापास झालो असतो तर चर्चचे सुपरिंटेंडंटसाहेब माझं नाव दीक्षेसाठी वार्षिक परिषदेकडे पाठवणार नव्हते, आणि मंडळीतली आणखी चार बाळं चालायला लागली असती. नावांची यादी शनिवारी जाणार होती.

बायकोने फोनवर विचारलं, “अहो, एवढं काय अवघड आहे? मेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायचे.”

“माणूस कोण आहे त्यावर आहे गं.”

माणूस कोण, ते मॅडमनी सोमवारी वर्गात सांगितलं. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. माझी चिठ्ठी काढलीच नाही.

“रंगारी, तुम्ही चेकरांना पुरायचं.”

अख्खा वर्ग खाकरला. मी म्हणालो, “मॅडम, चिठ्ठी?”

“तुमच्या खोलीची खिडकी माझ्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर आहे,” मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. “रोज ऐकते तुमची दोघांची प्रार्थना. आवाज खणखणीत आहेत. बुधवारी अकराला. आणि चेकर, मयताला पण मार्क आहेत. हलायचं नाही, बोलायचं नाही. लोक आपल्या डोक्यावरून आपल्याविषयी बोलतात तेव्हा कसं वाटतं, ते पाळकाला कळलं पाहिजे.”

“किती मार्क, मॅडम?” चेकरने विचारलं.

“पाच.”

त्याने वहीत लिहून घेतलं.

सात मिनिटं! चेकरबद्दल खरं आणि चांगलं असं सात सेकंद बोलायचं म्हटलं तरी मला उसनवारी करावी लागली असती. आणि ही गोष्ट वाटते तेवढी गमतीची नव्हती. दीक्षेच्या आधी बिशप भर परिषदेत उभं करून काही ठरलेले प्रश्न विचारतात. आम्हा मेथडिस्टांत ही फार जुनी रीत आहे. त्यातला एक प्रश्न असा, की याच जन्मी तुम्ही प्रेमात परिपूर्ण व्हाल अशी आशा धरता का? उत्तर एकच चालतं. हो. ते हो मी आरशासमोर कितीदा म्हणून पाहिलं होतं. दर वेळी आरशात मागे चेकर मोज्यांच्या घड्या घालताना दिसायचा आणि हो घशात अडकायचं.

त्या संध्याकाळी चेकरने मला एक कागद दिला. त्यावर त्याच्या घरचा फोन नंबर, आणि खाली, “सौ. दुपारी दोन ते अडीच मोकळ्या असतात.”

“वहिनींना सांगितलंत ना, मी कशासाठी फोन करणार ते?”

“घरच्यांना आधी पढवून ठेवायचं नाही, असं मॅडम म्हणाल्या आहेत,” चेकर म्हणाला. “मी काहीच सांगितलेलं नाही.”

मी त्याच वेळी थांबायला हवं होतं. पण मी नापास व्हायच्या धसक्यात होतो. मंगळवारी दोनच्या ठोक्याला जिन्याखाली उभं राहून फोन लावला, आणि मॅडमनी शिकवलेला आवाज काढला: खालचा, सावकाश, आडपडदा न ठेवता.

“वहिनी, जय ख्रिस्त. मी सेमिनरीतून बोलतोय. उभ्या असाल तर आधी बसून घ्या. उद्या तुमच्या मिस्टरांचा अंत्यविधी माझ्याकडे आहे. त्याबद्दल थोडं विचारायचं होतं.”

पलीकडे भांडं पडलं. मग खुर्ची पडली. मग असा हंबरडा आला, की जिन्यावरून उतरणारी दोन पोरं जागच्या जागी थबकली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“जिवंत आहेत!” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. “वहिनी, जिवंत आहेत! स्वयंपाकघरात बटाटे सोलतायत! खोटं आहे सगळं, परीक्षा आहे!”

वहिनींनी आधी मला जिवंत सोललं. माझ्या आईवडिलांनी मला काय शिकवलं, इथपासून सुरुवात केली आणि सेमिनरीच्या संस्थापकांपर्यंत गेल्या. मी “हो वहिनी, चुकलं वहिनी” म्हणत भिंतीला टेकून उभा होतो. मग त्यांना रडू फुटलं, मग हसू फुटलं, आणि शेवटी नाक ओढून म्हणाल्या, “सकाळीच मी त्यांना फोनवर टाकून बोलले होते हो. तेच आठवलं पहिलं. बोला, काय विचारायचंय?”

“त्यांच्याबद्दल सांगा. कसे आहेत?”

“कसे म्हणजे? वैताग आहेत,” वहिनी म्हणाल्या, आणि बांध फुटला. गॅसचा खटका तीनदा बघतात. बिस्किटांच्या डब्यावर तारीख टाकतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी साडीच्या घड्या पुन्हा घातल्या. मुलाच्या पत्राला उत्तर पाठवताना मुलाचं पत्रही दुरुस्त करून परत पाठवतात. मी कागदावर भराभर उतरवत होतो. खरं सांगतो, मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मी एकटा नव्हतो! जगात आणखी एक जीव होता, ज्याने हे सोसलं होतं.

“वहिनी,” मी शेवटी म्हणालो, “आता काहीतरी चांगलं सांगा.”

त्या गप्प झाल्या.

फार वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं लाइन तुटली. मी दोनदा “हॅलो, हॅलो” केलं. पलीकडे नळ वाहत होता तेवढं ऐकू येत होतं. मला पहिल्यांदाच चेकरची कीव आली. माणसाने आयुष्यभर डबे तपासावेत आणि बायकोला एक चांगली गोष्ट सांगायला इतकं शोधावं लागावं.

“त्यांनी सासूबाईंना बसमधून उतरवलं होतं,” वहिनी म्हणाल्या.

“हे चांगलं आहे?”

“ऐका तर. सासूबाईंचा पास आदल्या दिवशी संपला होता. लक्षात नव्हतं त्यांच्या. बसमध्ये हे चढले तपासायला. म्हणाले, आई, पास कालचा आहे. त्या म्हणाल्या, अरे मेल्या, मी तुझी आई! सगळी बस हसायला लागली. दंड भरायला त्यांच्याकडे काही नाही, आणि चेकरने दंड स्वतः भरायचा नाही असा नियम. मग काय, उतरवलं त्यांना, भर रस्त्यात, उन्हात.”

मी लिहायचं थांबलो. हे मी भाषणात कुठे घालणार होतो?

“आणि स्वतःही उतरले,” वहिनी म्हणाल्या. “ड्युटी टाकून. सासूबाईंची पिशवी डोक्यावर घेतली आणि नऊ किलोमीटर त्यांच्या बरोबर चालत घरी आले. वाटभर सासूबाई त्यांचा उद्धार करत होत्या, आणि हे नुसते हो आई, हो आई. ड्युटी सोडली म्हणून साहेबांनी आठ दिवस घरी बसवलं. आठ दिवस बसून माझे डबे तपासले.”

मागून एका म्हातारीचा आवाज आला, “नऊ नव्हे गं, अकरा!”

“सासूबाई आहेत,” वहिनी म्हणाल्या. “अजून सांगतात सगळ्यांना.”

फोन ठेवला आणि मी जिन्याखालीच बसून राहिलो. मला गेल्या थंडीतली एक गोष्ट आठवली होती. आठवली म्हणजे काय, मी ती विसरलो कधीच नव्हतो, वर्षभर रागाने उगाळत होतो. चॅपलच्या हजेरीचं रजिस्टर चेकरकडे असायचं. मी तीन सकाळी गेलो नाही, आणि त्याने तिन्ही खाडे लिहिले. स्वतःच्या खोलीतल्या माणसाचे! वॉर्डननी मला आठवडाभर स्वयंपाकघरातली मोठी पातेली घासायला लावली. आणि रोज दुपारी हा चेकर तिथे हजर. बाह्या दुमडायचा, माझ्या शेजारी उकिडवा बसायचा, आणि पातेलं ओढून घ्यायचा. तोंडातून शब्द फक्त एक: “तळ राहिलाय.” मला वाटायचं, मी नीट घासतोय की नाही ते बघायला हा आलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण जिन्याखाली बसून मी हिशेब केला. त्या आठवड्यात निम्मी पातेली त्याने घासली होती. निम्म्याहून जास्तच, कारण मी रागाने हळू घासत होतो.

मला स्वतःची लाज वाटली. साधी सरळ लाज.

बुधवारी अकराला वर्गात दोन टेबलं जोडली. चेकर दहा वाजून पन्नास मिनिटांनी मरायला आला. टेबल डुगडुगत होतं, म्हणून मेल्यावर एकदा उठून त्याने पायाखाली कागदाची घडी घातली आणि पुन्हा मेला. विधवेचं काम आमच्या वर्गातल्या सहा फुटी माजी हवालदाराकडे होतं. तो डोक्यावरून शाल घेऊन इतक्या मनापासून रडला, की मॅडमना त्याला एकदा दम भरावा लागला.

मी उभा राहिलो. “हा माणूस सोबत राहायला कठीण होता,” मी सुरुवात केली.

वर्ग खुसखुसला. चादर किंचित हलली. मी गॅसचा खटका सांगितला, बिस्किटांच्या तारखा सांगितल्या, टॉवेल सांगितला, मोजे सांगितले. लोक पोट धरून हसत होते आणि विधवा शालीत तोंड खुपसून गदगदत होती. मग मी बस सांगितली. आधी तेही हसले, “अरे मेल्या, मी तुझी आई”ला तर फारच. पण पिशवी डोक्यावर घेतल्यावर हसणं कमी कमी होत गेलं, आणि पातेली आली तेव्हा वर्ग चिडीचूप झाला.

“याने नियम कोणासाठी वाकवला नाही,” मी म्हणालो. “पण ज्याला नियम लागला, त्याला याने एकट्याला सोडलंही नाही. हे मला कळलं तोवर हा मेला होता.”

उरली शेवटची प्रार्थना. मी डोळे मिटले. चेकरविषयी प्रार्थना करायची तर मला एकच पद्धत येत होती: दातओठ खात, मध लावून. खोटं वाक्य चालणार नव्हतं. मॅडमच्या खुर्चीचा कर्रकर्र आवाज आला. मग जे होतं तेच बोललो.

“प्रभू, वर्षाच्या वर झालं, मी रोज सकाळी गुडघे टेकतो आणि तुझ्याशी एक शब्द बोलत नाही. तुझं नाव घेऊन यालाच टोचत आलो. तू ऐकत होतास, याची मला आठवणही नव्हती. मला क्षमा कर. या माणसाला तुझ्याजवळ ठेव. त्याला त्याची जागा स्वच्छ मिळू दे. आमेन.”

कोणी “आमेन” म्हणालं नाही. हवालदार आता खरंच रडत होता. मॅडमनी रुमाल काढला, नाक पुसलं, आणि टेबलावरच्या घड्याळाकडे बघून एकदम दचकल्या.

“अरे देवा. सुरुवात केव्हा झाली ते मी बघितलंच नाही. किती मिनिटं झाली? कोणी वेळ लावली होती का?”

वर्गाने एका सुरात सांगितलं, “सात, मॅडम! बरोबर सात!” पाळकांची ती पुढची पिढी पाहून माझा ऊर भरून आला.

“आठ मिनिटं चाळीस सेकंद,” चादरीखालून आवाज आला.

मी डोळे मिटून घेतले. गेलं. पुन्हा एक वर्ष गेलं.

चेकर उठून बसला. चादर त्याने आधी चौघडी केली आणि मग बोलला. “माझ्या मनगटावर घड्याळ होतं, मॅडम. आणि मयत बोललं, तेव्हा माझे पाच मार्क कापा. याच विषयात मी काठावर आहे. पाच गेले तर मीही नापास.”

“नियम ठाऊक होता ना तुम्हाला?” मॅडम म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

मॅडमनी वही मिटली. “बुधवार फुकट गेला दोघांचा,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी अकराला पुन्हा. दोघंही. सात मिनिटं.”

गुरुवारी संध्याकाळी चेकर पेन्सिल, पट्टी आणि घड्याळ घेऊन माझ्यासमोर बसला. एक मिनिट चाळीस सेकंद कापायचे होते. माझा कागद त्याने दोनदा वाचला, तिकीट उलटसुलट बघावं तसा, आणि पेन्सिलने बसवर काट मारली.

“हे काय करताय?”

“हे लांबलंय. आणि आई अकरा सांगते ते चूक आहे, नऊच होते. आणि पातेली पण काढा. टॉवेल राहू द्या, टॉवेल महत्त्वाचा आहे.”

“बंधू, बस काढली तर तुमच्यात उरतं काय?”

“गॅसचा खटका उरतो. त्याने आग लागत नाही.”

“बसला हात लावायचा नाही!”

“अंत्यविधी माझा आहे!”

“बोलणारा मी आहे! मेलेल्याने मधे बोलायचं नाही!”

आवाज इतका चढला, की शेजारच्या खोलीतली पोरं दारात येऊन उभी राहिली. आम्ही भांडत होतो. देवाला मधे न घालता, एकमेकांच्या तोंडावर, पहिल्यांदा. त्याने मला गबाळ्या म्हटलं, मी त्याला रबरी शिक्का म्हटलं. कागद दोनदा फाटला. मी टॉवेल काढला, त्याने परत घातला. त्याने पातेली काढली, मी परत घातली. शेवटी मोजे आणि बिस्किटं गेली. तसं मला त्या मोज्यांचं वाईट वाटलं.

शुक्रवारी मी चेकरला सहा मिनिटं पन्नास सेकंदांत पुरलं. तो दगडासारखा पडून होता, टॉवेलच्या वाक्यालासुद्धा हलला नाही. मॅडमनी दोघांच्या नावापुढे ‘पास’ लिहिलं, माझ्याकडे वही फिरवून दाखवली, आणि माझा जीव भांड्यात पडला. बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मंडळीत सांगू का?” मी म्हणालो, सांग.

वर्ग पांगल्यावर टेबलं परत वाचनालयात न्यायची होती. एका बाजूला चेकर, एका बाजूला मी. व्हरांड्याच्या मधोमध तो थांबला आणि टेबल खाली ठेवलं.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही सौ.ला म्हणालात, काहीतरी चांगलं सांगा. मग तिला किती वेळ लागला?”

तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेवरचा एक डाग नखाने खरवडत होता. मला तो जिन्याखालचा वाहणारा नळ आठवला.

“मोजला नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं.

त्याने मान हलवली. डाग निघाला, तरी तो खरवडतच राहिला.

“आणि तुम्हाला?”

मी पहिल्या टर्मपासूनचे महिने बोटांवर मोजले. “सोळा महिने,” मी म्हणालो.

“सतरा,” चेकर म्हणाला. “मी मोजत होतो.”

आणि त्याने टेबलाची आपली बाजू उचलली.